आधी रायफल तपासा, मग जवान

हिंगोली जिल्ह्यातील निवृत्त राखीव पोलीस, जिल्हा पोलीस दलातील निवृत्त कर्मचारी आणि सेवेतील जवानांचे कुटुंबीय यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. अपर पोलीस महासंचालक, राज्य राखीव पोलीस बल
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, हिंगोली

विषय : पोलीस दलातील ७.६२ मिमी एसएलआर रायफलींच्या सेफ्टीची तपासणी करणे आणि नकळत गोळी सुटण्याच्या घटनांच्या चौकशीची पद्धत बदलणे याबाबत.

महोदय,

हिंगोलीला बंदूक नवी नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती, ती १९०३ पर्यंत टिकली. छावणी उठून सव्वाशे वर्षे होत आली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे आजही आमच्या पत्त्यांत आहेत. आता त्याच शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. इथे मोठे कारखाने फारसे नाहीत. सोयाबीन आहे, वसमतची हळद आहे आणि पोलीस भरती आहे. पहाटे अंधारात औंढ्याच्या, सेनगावच्या, कळमनुरीच्या रस्त्यांवर पोरे भरतीसाठी धावताना दिसतात. त्यांतल्या ज्यांची निवड होते, त्यांच्या हातात पुढे जी रायफल येते, तिच्याबद्दल हे मागणीपत्र आहे.

हे आम्ही का लिहितो, सेवेतले जवान स्वतः का लिहीत नाहीत, ते आधी सांगायला हवे. १९६६ च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायद्याने पोलिसाला परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांचा संप झाला आणि राज्यातल्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून शिपायाची गाऱ्हाणी परेडच्या मैदानावरच विरतात किंवा घरी येऊन बायकोच्या कानावर पडतात. शिस्तीचे दल संघटनेवर चालत नाही, हे आम्ही आयुष्यभर वर्दी घातलेली माणसे जाणतो. पण रायफलीच्या स्प्रिंगबद्दल बोलणे म्हणजे बेशिस्त नव्हे. म्हणून वर्दी उतरवलेले आम्ही आणि बंदोबस्तावरून माणूस परत येईपर्यंत फोन उशाशी घेऊन झोपणाऱ्या घरच्या बायका, अशा दोघांनी मिळून हे काम अंगावर घेतले आहे. ही तक्रार कोणा एका गटाविरुद्ध, अधिकाऱ्याविरुद्ध किंवा कारखान्याविरुद्ध नाही. खाली एक प्रसंग दिला आहे. त्यातल्या गटाचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

आमचे मूळ म्हणणे एवढेच आहे : जवानाच्या हातातल्या रायफलीतून नकळत गोळी सुटली, तर आज चौकशी माणसाची होते, शस्त्राची होत नाही. ती दोघांची व्हावी आणि आधी शस्त्राची व्हावी.

या बाबतीत शब्दानेच घोळ केला आहे. आमच्या शिकवणीत ‘मिसफायर’ म्हणजे घोडा पडला पण गोळी उडाली नाही. वर्तमानपत्रात आणि आता ठाण्याच्या बोलण्यातही ‘मिसफायर’ म्हणजे नको तेव्हा गोळी उडाली. दोन उलट गोष्टींना एकच शब्द. कागदावर तिसरा शब्द येतो, ‘हलगर्जीपणा’. एकदा तो लिहिला की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, विभागीय चौकशी, वेतनवाढ बंद. कोणी जखमी झाले तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५, आणि मृत्यू झाला तर कलम १०६. या सगळ्या कागदांत रायफलीचा फक्त बट नंबर असतो. हॅमरला अडवून धरणारा तिचा सिअर किती झिजला होता, ट्रिगर किती वजनाला सुटत होता, चेंज लिवर कुठे होता, याची ओळ नसते.

आता रायफलीविषयी. कागद वाचणाऱ्या प्रत्येक साहेबाने ती उघडून पाहिलेली असेलच असे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९६२ च्या चीन युद्धात आपले सैनिक .३०३ बोल्ट रायफली घेऊन लढले. त्यानंतर सरकारने आपोआप भरणारी रायफल बनवायचे ठरवले आणि ते काम पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेकडे, म्हणजे एआरडीईकडे आले. बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल ही रायफल तेव्हा जगभर पसरत होती. एआरडीईने तिचे बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने सुटे करून अभ्यासले आणि त्यांतून भारतीय १ए१ रायफल तयार केली. ती इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. एफएनने यावर आक्षेपही घेतला होता. हीच आपली एसएलआर. वजन साडेचार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये २० गोळ्या, आणि गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटरहून अधिक. १९९० च्या दशकात सैन्याकडे इन्सास आली, पण पोलिसांकडे एसएलआर राहिली. रायफल म्हणून ती उत्तम आहे. आमच्यापैकी अनेकांनी गडचिरोलीत तिच्या भरवशावर रात्री काढल्या आहेत, आणि तिच्याबद्दल वाईट लिहिताना हात जड होतो. पण पिढ्यान्‌पिढ्या हात बदलत आलेली रायफल कारखान्यातून निघाली तशी राहत नाही.

.३०३ मध्ये एक गोळी सुटली की पुढची भरायला जवानाला हाताने बोल्ट ओढावा लागे. एसएलआर अर्ध-स्वयंचलित आहे. एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी जाते. तिच्याच गॅसने बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर पडते, हॅमर ताणला जातो आणि नवी गोळी चेंबरमध्ये बसते. म्हणजे पहिली गोळी गेल्यावर रायफल पुन्हा पूर्ण तयार असते, आणि ती तशी ठेवायला माणसाला काहीच करावे लागत नाही. ताणलेला हॅमर आणि भरलेले चेंबर यांच्यामध्ये उभ्या असतात दोनच गोष्टी : सिअरची चिमूटभर धार आणि चेंज लिवर.

हा चेंज लिवर रायफलीच्या डाव्या बाजूला, पिस्तूल ग्रिपच्या वर असतो. ‘एस’ म्हणजे सेफ, ‘आर’ म्हणजे एकेक गोळी. लोकांना वाटते, ‘एस’ वर लिवर म्हणजे बंदुकीला कुलूप. तसे ते नाही. लिवर ‘एस’ वर असताना तो ट्रिगरला अडवतो. हॅमरला धरून ठेवत नाही, फायरिंग पिनलाही नाही. गोठ्याचे दार बाहेरून कोणी उघडू नये म्हणून कडीला कुलूप लावावे, पण बिजागरीच कुजलेली असावी, तसे हे आहे. हॅमरला धरून ठेवते ती सिअरची धार. ती गोल झाली असेल, तिची स्प्रिंग थकली असेल, किंवा कोणी कधी काळी ‘ट्रिगर हलका करतो’ म्हणून तिच्यावर कानस फिरवली असेल, तर जोराचा हादरा बसल्यावर ट्रिगरला कोणीही हात न लावता हॅमर सुटू शकतो. तेव्हा लिवर ‘एस’ वरच असतो.

दुसरी वाट फायरिंग पिनची. ती बोल्टच्या भोकात पुढेमागे सरकते आणि एक स्प्रिंग तिला मागे धरते. स्प्रिंग मोडली किंवा भोकात कीट साचून पिन पुढेच अडकली, तर बोल्ट बंद होतानाच गोळी उडू शकते. अशा वेळी कोणतीही सेफ्टी कामाला येत नाही. रशियन बनावटीच्या एसकेएस या अर्ध-स्वयंचलित रायफलीत पिनला मागे धरणारी स्प्रिंग बहुतेक नमुन्यांत नाही, म्हणून साठवणुकीचे घट्ट ग्रीस नीट न धुता ती वापरली की हा प्रकार होतो, हे जगभरच्या आर्मररना, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्यांना, ठाऊक आहे. आपल्या रायफलीत स्प्रिंग आहे, हे चांगलेच आहे. पण ती आहे म्हणूनच तपासायला हवी. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. काळ्या मातीची धूळ रायफलीच्या तेलात बसून जो चिकट कीट होतो, तो पुलथ्रू आणि चिंधीने निघत नाही. पुलथ्रू नळी साफ करतो, बोल्टच्या आतले भोक नाही.

तिसरी वाट अगदी साधी आहे आणि तिच्यात आम्ही जवानाची बाजू घेत नाही. मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली, असा समज. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली गोळी आतच राहते. कधी कधी आधी कॉक करून मग मॅगझिन काढले जाते, आणि मग ‘रिकाम्या’ रायफलीचा ट्रिगर दाबला जातो. ही माणसाची चूक आहे, तिच्यासाठी शिक्षा असावी. पण ही चूक आणि वरचे दोन दोष वेगळे करायचे, तर रायफल उघडून पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

आता तो प्रसंग. आमच्यातले एक निवृत्त हवालदार त्याचे साक्षीदार आहेत. बरीच वर्षे झाली. सणाचा बंदोबस्त होता आणि कंपनी एका शाळेत मुक्कामाला होती, पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी. पहाटे संत्री बदलला. पाळीवरून आलेल्या जवानाने चेंज लिवर ‘एस’ वर केला, रायफल खिडकीखाली भिंतीला टेकवली आणि बूट काढायला बसला. रायफल घसरली, बट फरशीवर आपटली आणि गोळी छप्पर फोडून वर गेली. खाली चौदा माणसे झोपली होती. कोणाला काही झाले नाही. त्या जवानाने चेंबर रिकामे केले नव्हते, ही त्याची चूक, आणि त्याने ती त्याच सकाळी मान्य केली. पण लिवर ‘एस’ वर होता, हे तिघांनी पाहिले होते. तेही त्यांनी सांगितले. कागदावर आले ते पहिलेच. त्याची वेतनवाढ थांबली. आणि ती रायफल? ती पुसून, तेल लावून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जवानाच्या हातात देण्यात आली. आमचे हवालदार म्हणतात, ‘शिक्षेचं मला काही वाटलं नाही. पण ती रायफल पुढच्या पोराच्या खांद्यावर बघितली, तेव्हा पोटात गोळा आला.’

आपण म्हणाल, जवान स्वतःला वाचवायला रायफलीवर ढकलतील. काहीजण ढकलतीलही. म्हणूनच तपासणी हवी. सिअर ठीक, स्प्रिंग ठीक, ट्रिगरचे वजन मापात असा अहवाल आला, तर त्या जवानाला पळवाट उरत नाही आणि साहेबांचा हुकूम न्यायालयातही टिकतो. आम्ही माफी मागत नाही.

शस्त्र न तपासता माणसालाच दोष दिल्यावर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही शिकारीची रायफल १९६२ मध्ये बाजारात आली. ती बोल्ट ॲक्शनची, आपल्यासारखी अर्ध-स्वयंचलित नाही, पण प्रश्न सेफ्टीचाच होता. सेफ्टी काढताना, ट्रिगरला बोट न लावता गोळी सुटते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. कंपनीचे उत्तर ठरलेले होते, बोट ट्रिगरवर गेले असणार. पुढे जुनी कागदपत्रे बाहेर आली. त्या ट्रिगरची रचना करणाऱ्या माइक वॉकर या अभियंत्यानेच, ही रायफल बाजारात येण्याच्याही आधी, १९४८ मध्ये ती रचना अधिक सुरक्षित करणारा बदल सुचवला होता आणि त्याचा खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट होता. तो बदल केला गेला नाही. अखेर न्यायालयात तडजोड झाली आणि सुमारे ७५ लाख बंदुकांच्या मालकांना ट्रिगर बदलून घेण्याचा हक्क मिळाला. वरच्या न्यायालयाने ती तडजोड २०१८ मध्ये कायम केली. पहिल्या सूचनेपासून सत्तर वर्षे. मधल्या काळात कित्येक बापांनी आणि मुलांनी आपलेच बोट चुकले असे मानून आयुष्य काढले असेल. त्या जुन्या ट्रिगरच्या जागी आलेला नवा ट्रिगरही २०१४ मध्ये परत बोलवावा लागला, कारण जुळणी करताना त्यात डिंक जास्त गेला होता. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या नव्या बंदुकीत हे होऊ शकते, तर आमच्या कोतातल्या, म्हणजे शस्त्रे ठेवण्याच्या खोलीतल्या, जुन्या रायफलीत होणारच नाही, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये.

आपल्याकडेही रस्त्यावरच्या माणसाला हा विषय १ ऑक्टोबर २०२४ रोजी कळला. मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, तेव्हा टीव्हीवर प्रत्येकजण बंदुकीच्या लॉकविषयी बोलत होता. शिपायाच्या रायफलीबद्दल तसे कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो.

आमची पहिली मागणी त्यामुळे चौकशीच्या पद्धतीची आहे. नकळत गोळी सुटली की ती रायफल, मॅगझिन, उरलेल्या गोळ्या आणि रिकामे काडतूस जागेवरच पंचनाम्याने सील व्हावे. पंचनाम्यात चेंज लिवर कुठे होता, बोल्ट कुठे होता, जमीन कसली होती, हे लिहिलेले असावे. रायफल पुसू नये, तिला तेल लावू नये. दुसऱ्या घटकाच्या आर्मररने ती उघडावी, आणि माणूस जखमी किंवा मृत झाला असेल तर ती कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जावी. अहवाल येईपर्यंत जवानाला शस्त्राच्या कामावरून बाजूला ठेवा, यात आमची हरकत नाही. पण ‘हलगर्जीपणा’ हा शब्द त्याच्या सेवापुस्तकात अहवालाआधी जाऊ नये. मागच्या दहा वर्षांतली जी प्रकरणे केवळ या एका शब्दावर निकाली निघाली आणि ज्यांतली रायफल आजही कोतात आहे, त्यांतली रायफल तपासून ती प्रकरणे पुन्हा पाहावीत.

दुसरी मागणी तपासणीची. हिंगोली जिल्ह्यात, गटाच्या कोतात आणि जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात असलेली प्रत्येक एसएलआर सहा महिन्यांत एकदा पूर्ण उघडली जावी. सिअर आणि हॅमरची धार, ट्रिगरचे वजन, फायरिंग पिन किती पुढे येते, तिची स्प्रिंग, चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा म्हणजे हेडस्पेस, चेंज लिवरची पकड, हे सगळे गेजने मोजून लिहावे. नुसत्या नजरेने ‘ओके’ लिहू नये. प्रत्येक रायफलीचे एक पत्रक असावे आणि रायफल दुसऱ्या घटकात गेली की पत्रक तिच्याबरोबर जावे. माणसाचे सेवापुस्तक बदलीबरोबर जाते, तसेच. जी रायफल गेजात बसत नाही ती दुरुस्त व्हावी, आणि दुरुस्त होत नसेल तर कंडम व्हावी. दोन कंडम रायफलींचे भाग जोडून तिसरी ‘चालू’ करण्याची सवय बंद व्हावी, कारण या रचनेत ब्रिटिश आणि बेल्जियन मापांची सरमिसळ आहे आणि जो भाग बसतो तो बरोबरच बसला असे होत नाही. सुट्या भागांसाठी कोणाकडे जायचे, हा प्रश्न आता अवघड राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि रायफलींचे कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेले. गृह विभागाने त्यांच्याकडे सिअर, स्प्रिंगा आणि पिनांची एकत्रित मागणी नोंदवावी. मापांचे गेज आणि तपासणीचे मराठी पुस्तक तयार करण्यासाठी पुण्याच्या एआरडीईला विनंती करावी. रायफल तिथेच जन्मली आहे, आणि ती संस्था आजही महाराष्ट्रातच आहे.

याला पैसा कुठून, असे विचारले जाईल. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झालेल्या एकत्रित योजनेचा आकडा २६,२७५ कोटी रुपये होता, त्यांतले ४,८४६ कोटी राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणासाठी होते. त्यात नवी शस्त्रे, नवी वाहने येतात आणि ती यायलाच हवीत. आम्ही त्या पैशातून गेजचे संच, स्प्रिंगांची पाकिटे आणि आर्मररचा पगार मागतो. एका चांगल्या चारचाकीच्या किमतीत एका जिल्ह्याच्या शस्त्रागाराला पुरेल एवढे सामान येईल, अशी आमच्या आर्मरर मंडळींची खात्री आहे.

तिसरी गोष्ट रोजची आहे. कोतातून रायफल देताना आणि परत घेताना सेफ्टीची चाचणी घेणे बंधनकारक करावे. तिला अर्धा मिनिट लागतो. रायफल रिकामी करायची, बोल्ट मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. कॉक करून लिवर ‘एस’ वर, ट्रिगर जोराने दाबायचा, हॅमर पडता कामा नये. ट्रिगर सोडून लिवर ‘आर’ वर न्यायचा, तेव्हाही आपोआप पडता कामा नये. रेमिंग्टनचा दोष नेमका इथेच उघडा पडत असे. मग दाबला की पडला पाहिजे. दाबून धरूनच पुन्हा कॉक केले तर हॅमर वरच अडकला पाहिजे. लिवर ‘एस’ वर जाताना अंगठ्याला ‘टक्’ असा ठसका लागला पाहिजे. ज्या रायफलीचा लिवर ट्रकच्या बाकाला किंवा पट्ट्याला घासून आपोआप सरकतो, ती त्या दिवशी कोतातच राहावी. रायफल भरायची-खाली करायची जागाही ठरलेली हवी. वाळूने भरलेला, तिरपा ठेवलेला लोखंडी पिंप प्रत्येक गार्डवर हवा, कोषागारात हवा, आणि निवडणुकीच्या किंवा गणपतीच्या बंदोबस्ताला कंपनी शाळेत उतरते तिथेही पहिल्या तासात मांडलेला हवा. त्या शाळेच्या पत्र्यातून गोळी गेली तेव्हा असा पिंप असता, तर रायफल आधी तिथेच रिकामी झाली असती.

यातली सगळ्यात अवघड मागणी खर्चाची नाही, मनाची आहे. जवानाने ‘माझ्या रायफलीचा लिवर सैल आहे’ असे सांगितले तर आज त्याला काय ऐकू येते? ‘तुझ्याच रायफलीला का होतं?’ मग तो सांगत नाही, चिंधीचा तुकडा अडकवून काम चालवतो. दोष सांगणाऱ्यावर कसुरी अहवाल निघणार नाही, असे लेखी आदेश काढावेत. दोषाची नोंदवही कोतात असावी, समादेशकांनी किंवा पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला तीवर सही करावी, आणि राज्यभरच्या नोंदी वर्षातून एकदा प्रसिद्ध व्हाव्यात. हिंगोलीत ज्या बनावटीचा दोष सापडला, तो सोलापूरच्या, दौंडच्या, अमरावतीच्या गटातल्या आर्मररला कळला पाहिजे.

सरावाबद्दल जास्त लिहीत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने पोलिसांच्या दारूगोळ्याच्या आणि नेमबाजी सरावाच्या तुटीवर बोट ठेवले होते. रायफलींच्या गोळ्यांचे कारखाने खडकीला आणि वरणगावला, म्हणजे आपल्याच राज्यात आहेत. ज्या हाताला वर्षभरात मोजक्याच गोळ्या झाडायला मिळतात, तो हात बंदोबस्तात गोंधळतो.

डावखुऱ्या जवानांचा उल्लेख कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. एसएलआरचा लिवर उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी बसवला आहे. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याला सेफ्टी लावायला पकड सोडावी लागते, म्हणून तो ती लावायचे टाळतो. भरतीनंतरच अशा जवानांची नोंद घेऊन त्यांना वेगळी कवायत द्यावी किंवा दुसरे शस्त्र द्यावे. बँकांच्या दारात स्वतःची बारा बोअर घेऊन उभ्या असलेल्या माजी सैनिकांच्या बंदुकांनाही वर्षातून एकदा हीच तपासणी जिल्हा शस्त्रागारात मोफत मिळावी. तिथे ग्राहकांची रांग लागलेली असते.

शेवटी घरच्यांसाठी. ७.६२ ची गोळी मांडीत गेली तर माणूस काही मिनिटांत रक्ताने संपतो, आणि आमच्याकडून पुढच्या उपचारासाठी अनेकदा नांदेड गाठावे लागते. प्रत्येक गार्डवर आणि प्रत्येक कंपनीच्या ट्रकमध्ये रक्त थांबवणारा आवळपट्टा असावा आणि तो बांधायला किमान दोघांना शिकवलेले असावे. नकळत सुटलेल्या गोळीने जवान जखमी झाला किंवा गेला, तर चौकशी चालू आहे या कारणाने उपचाराचा खर्च आणि कुटुंबाची मदत अडवू नये. ही इजा कर्तव्यावरची मानावी. तपासणीचा अहवाल कुटुंबाला मराठीत मिळावा. ‘तुमच्या माणसाची चूक होती’ एवढेच ऐकून आयुष्य काढणे काय असते, ते आमच्यातल्या बायका सांगू शकतील. आपण वेळ दिल्यास त्या स्वतः येऊन सांगतील.

आमच्या संघटनेत आर्मररचे काम केलेले निवृत्त कर्मचारी आहेत. त्यांचे डोळे थोडे कमी झाले असले तरी हात अजून स्थिर आहेत. जिल्ह्यातल्या पहिल्या तपासणीसाठी ते विनामोबदला यायला तयार आहेत. गेजचा संच मिळेपर्यंत सेफ्टीची रोजची चाचणी आणि वाळूचे पिंप या दोन गोष्टी आपल्या एका आदेशाने या महिन्यातच सुरू होऊ शकतात. त्या आदेशाची प्रत आणि तपासणीचा पहिला दिवस जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत आम्हाला कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
हिंगोली